सांगावंत असं वाटतं

तात्या मान्यांचे बैल जपानी भाषेत थांबत असत. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे. शिराळ्याला माझी बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात मी सायकलवरून भाताची खाचरं बघत चाललो होतो. बांधापलीकडून एकदम आरोळी आली, "तोमारे!" कुणीतरी मलाच दम भरतंय असं वाटून मी खाली उतरलो. पलीकडे औताचे बैलही थांबले होते. मग त्याच आवाजात "सुसुमे!" झालं आणि बैल चालू लागले. मी मात्र सायकल धरून उभाच. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा आणि छपन्नाव्या वर्षीही ताठ कणा असा एक माणूस चिखलातून माझ्याकडे बघत म्हणाला, "सायेब, तुमी बी चाला की. हुकूम बैलांस्नी हुता."

पूर्ण नाव तातोबा माने. तरुणपणी पलटणीत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा पलटणीसकट जपान्यांच्या हाती सापडले आणि साडेतीन वर्षं तिकडच्या छावणीत कैदी म्हणून राहिले. भाषा तिथेच शिकले. शिकले कसले, अंगावर आली ती झेलली. थांब, चल, उचल, मोज, गप्प बस. आईला, बायकोला किंवा दारी आलेल्या पाहुण्याला म्हणता येईल असा त्या भाषेतला एक शब्द त्यांच्यापाशी नव्हता. गाव त्यांना ‘जपानी तात्या’ म्हणे. लग्नाच्या मांडवात कुणी ना कुणी टूम काढी, तात्या, जपानी बोला. तात्या एक आरोळी ठोकत, मांडव चिडीचूप होई आणि मग सगळे हसत. तात्या हसत नसत.

का हसत नसत ते मला ओळख वाढल्यावर कळलं. पलटणीत त्यांचा एक जोडीदार होता, दादू जाधव. साताऱ्याकडचा, वाईच्या अलीकडे कृष्णाकाठच्या गावचा. छावणीतली काही माणसं बोटीने कुठल्याशा बेटावर कामाला न्यायची ठरली, त्या यादीत तात्यांचा नंबर होता. तात्या तापाने फणफणले होते, उभंही राहवत नव्हतं. मोजणीच्या वेळी त्यांच्या नंबराला दादूने ओ दिली आणि तो बोटीत चढला. तो परत आला नाही. लढाई संपल्यावर त्याच्या घरी सरकारी कागद आला, ‘बेपत्ता, मृत समजावा.’

"समजावा म्हंजे काय?" तात्या म्हणायचे. "म्या न्हाई समजत जा." दादू कुठे गेला, कुठल्या मातीत आहे, हे कळल्याशिवाय मरायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. अठ्ठावीस वर्षं झाली होती, तरी ते निराश झालेले मी पाहिले नाहीत. दर वेळी एकच बोलत, "दमानं. पर थांबायचं न्हाई." हे वाक्य ते नांगरटीलाही वापरत आणि दादूलाही.

मी शेतकी खात्यात सुपरवायझर होतो. माझ्या नशिबाने त्याच वर्षी भाताच्या लावणीची जपानी रीत दाखवायला एक तज्ज्ञ दोन हंगामांसाठी आले. ओकादा त्यांचं नाव. बारीक अंगाचे, चाळिशीतले, बोलणं इतकं हळू की बेडकांच्या ओरडण्यात ऐकू येऊ नये. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझं त्याहून मोडकं. शेतकऱ्यांशी त्यांनी बोलायचं कसं? मी तात्यांना बोलावून आणलं. तात्या आले, टाचा जुळवून उभे राहिले आणि छातीतून काहीतरी ओरडले. ओकादासाहेबांच्या हातातली रोपांची पेंढी गळून पडली आणि तेही ताठ उभे राहिले. "लहानपणी शाळेत आम्हाला कवायत शिकवणारे हवालदार असेच बोलत," ते मला नंतर म्हणाले. "मला वाटलं, ते मला शोधत इथवर आले."

तरीही तात्यांवाचून काम चालत नव्हतं. ओकादासाहेब म्हणत, रोपं ओळीत लावलीत तर बरं होईल. तात्या शेतकऱ्यांना सांगत, "वळीत लावा. चुकला त्यो शेताभाईर." चार दिवसांत अर्धं गाव जपानी माणसावर चिडलं. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कुणाला दटावलं नव्हतं.

मग नागपंचमी आली. शिराळ्याची नागपंचमी म्हणजे गावाचा सर्वांत मोठा सण, पाहुणा उपाशी जाईल तर घराला कमीपणा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून घरोघर पुरणाची उकडलेली दिंडं. सात घरच्या लोकांनी तात्यांना निरोप दिला, "सायबानं आमच्यात जेवायला आलंच पायजे." तात्यांनी तो इमानाने पोचवला. ओकादासाहेबांनी वहीत सात नावं लिहून घेतली आणि नागपंचमीच्या दिवशी टोपी, वही आणि पेन्सिल घेऊन सातही घरी जेवले. प्रत्येक घरी आग्रह, प्रत्येक घरी तूप. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंत धरत आले आणि अतिशय नम्रपणे मला विचारू लागले, "हा नियम सरकारचा आहे की देवळाचा?"

"कुठला नियम?"

त्यांनी वही उघडून दाखवली. सात नावं आणि पुढे खुणा, हजेरीपटासारख्या. तात्यांनी त्यांना सांगितलं होतं, जेवायला जाणं भाग आहे. छावणीत रोज सकाळी नियम वाचून दाखवत, त्यातलं ‘भाग आहे’ तात्यांना पाठ होतं.

"अहो तात्या, काय हे सांगितलंत?"

"लोक म्हणाली, आलंच पायजे. म्या त्येच सांगितलं."

"पण लोकांना म्हणायचं होतं, तुम्ही यावं, आम्हाला आनंद होईल."

"त्येंला काय म्हणायचं हुतं त्ये त्येंच्या पोटात. बोलली काय? पायजे."

तात्यांची चूक नव्हती. आपल्या मराठीने इच्छा आणि सक्ती एकाच खुंटीला टांगून ठेवल्या आहेत. ‘मला चहा पाहिजे’ म्हणतो तेव्हा मी मागणारा असतो आणि ‘तू गेलं पाहिजेस’ म्हणतो तेव्हा हुकूम सोडणारा. शब्द तोच. आपण सुरावरून ओळखतो. परमुलखातल्या माणसाने काय करावं?

मी हे सगळं माझ्या इंग्रजीत कसंबसं सांगितल्यावर ओकादासाहेब पोट धरून हसले, आणि लगेच पोट दुखलं म्हणून थांबले. मग त्यांनी एक काटकी घेतली आणि खाचराच्या ओल्या बांधावर तीन ओळी लिहिल्या. पहिली, ये. दुसरी, येणं भाग आहे. आणि तिसरी, ‘किते होशी’. तुम्ही यावंत असं मला वाटतं. आपल्याला स्वतःला काही करायचं असेल तर त्यांच्यात वेगळं रूप, आणि दुसऱ्याने काही करावं असं वाटत असेल तर हे ‘होशी’वालं वेगळं रूप. त्यात समोरच्यावर जोर नाही, फक्त आपलं मन उघडं करायचं.

तात्यांना कैदेत ‘काना’ नावाची सोपी जपानी अक्षरं वाचता येऊ लागली होती, ती कशी ते पुढे येईल. ते उकिडवे बसले आणि तिसऱ्या ओळीकडे बघत राहिले. "ह्ये मी ऐकलंच न्हाई," ते म्हणाले. "साडेतीन वर्सांत येकदा बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडक्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आले. पलटणीतला जेवणाचा डबा. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली जपानी अक्षरं होती. छावणीत तानिगुची नावाचा एक नाईक पहाऱ्याला होता. त्यानेच मोकळ्या वेळात वाळूत काटकीने तात्यांना आणि दादूला अक्षरं शिकवली होती. बेटावर जाणाऱ्या त्या बोटीवर त्याचीही नेमणूक झाली. जाण्याआधी त्याने आपलं नाव आणि गाव डब्यात कोरून दिलं होतं. म्हणजे दादूचं काय झालं हे जगात कुणाला ठाऊक असलंच तर या माणसाला.

"मग तुम्ही त्याला लिहिलं का नाही कधी?" मी विचारलं.

"लिवलं की. घरला आल्यावर चार-पाच वर्सांनी. उत्तर न्हाई."

"काय लिहिलं होतं?"

तात्यांनी बांधावर लिहून दाखवलं. एकच ओळ. ‘दादू कुठं हाय, ओशिएरो.’ ओकादासाहेबांनी ती वाचली आणि डोळे मिटून घेतले. मग मला सावकाश समजावलं, की ‘ओशिएरो’ म्हणजे सांग, पण गुराला काठी मारून सांगावं तसं. लढाईनंतर कितीतरी पहारेकऱ्यांवर खटले झाले होते. अशा दिवसांत परदेशातून असं पत्र आलं तर माणूस काय समजेल? कुणीतरी सूड घ्यायला निघालंय. "मी असतो तर चुलीत घातलं असतं," ते म्हणाले.

हे मी तात्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हंजे इतकी वर्सं माझ्याच तोंडानं घालीवली," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांनी लगेच वर बघितलं. "ओकादासानला म्हणावं, मला त्ये होशी शिकवा."

ओकादासाहेब म्हणाले, शिकायचं कशाला, मीच लिहून देतो, पाच मिनिटांचं काम. मीही तेच म्हणालो. तात्या ऐकेनात. "तुमी लिवलं तर उत्तर तुमाला यील. शिव्यासारकं बोललोय मी, तर इनंती बी म्याच केली पायजे." हा ‘पायजे’ मात्र सक्तीचाच होता, आणि स्वतःवरच.

त्या हंगामात तात्या जसे शिकले तसं मी कुणाला शिकताना पाहिलं नाही. लावणीच्या चिखलात बोटाने लिहीत, मोटेवर पुटपुटत. ‘होशी’ लक्षात राहावं म्हणून त्यांनी स्वतःचीच युक्ती काढली. "होशी म्हंजे हौस. आपली हौस सांगायची, दुसऱ्याच्या मानगुटीवर बसायचं न्हाई." सराव म्हणून एक दिवस त्यांनी बैलांनाही ‘तोमात्ते होशी’ म्हटलं, थांबावंत असं वाटतं. बैल सरळ चालत जाऊन शेजाऱ्याच्या उसात शिरले. शेजारी भांडायला आला तेव्हा तात्या त्याला म्हणाले, "आरं, इनंती केली हुती. आता ऐकणं न ऐकणं त्येंच्याकडं." ही गोष्ट पंचक्रोशीत फिरली.

भांडण झालं ते ‘गा’वरून. ओकादासाहेबांनी सांगितलं, पत्रात नुसतं ‘होशी’ म्हणून थांबायचं नाही, पुढे ‘नो देसु गा’ लावायचं. ‘गा’ म्हणजे ‘पण’. तुम्ही सांगावंत असं वाटतं, पण... आणि तिथेच सोडून द्यायचं.

"आन फुडं?" तात्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही."

"ह्यो काय पळपुटेपणा? वाक्य असं मधीच टाकून उठायचं? माणूस म्हणंल, ह्येला कुणी हाक मारली का काय."

ओकादासाहेबांनी बराच विचार करून उत्तर दिलं, "उरलेलं वाक्य त्यांचं आहे. त्यांना जागा ठेवायची." मी ते मराठीत सांगितलं. तात्या कुरकुरले, पण त्यांनी ‘गा’ लिहिलं. नंतर त्यांच्या बोलण्यातही ते आलं. कारभारणीला म्हणत, "च्या झाला तर बरं, पर..." आणि गप्प बसत. ती माउली मला म्हणाली, "सायेब, ह्येंला काय झालंय? पयल्यावानी वरडा म्हणावं, मला भ्या वाटाय लागलंय."

शेवटी पत्र जुळत आलं. तात्यांनी एक ओळ लिहिली, ‘दादूच्या बायकोला जाणून घ्यायचं आहे.’ ओकादासाहेबांनी त्या ओळीवर पेन्सिल थांबवली. हे आमच्यात असं म्हणता येत नाही, ते म्हणाले. ‘मला जाणून घ्यायचंय’ हे मी म्हणू शकतो, कारण माझं मन मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मनातलं इतकं ठामपणे सांगायचं नसतं. एक तर ‘तिला तसं वाटत असावं असं दिसतं’ म्हणायचं, नाही तर ‘ती तसं म्हणते’. "बाई तसं म्हणाल्या का?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. दादूच्या बायकोकडे, सोनाबाईंकडे, ते दर वर्षी जाऊन येत. दारात बसत, पाणी पीत, पीकपाणी विचारत. पण हे विचारलं नव्हतं. घरचे म्हणत, तिच्यापाशी त्याचं नाव काढू नका, तिला खरं ऐकायचं नाही. ती कुंकू लावते, गाव म्हणतं डोक्यावर परिणाम झालाय. सगळे तिच्या वतीने बोलत आणि तात्याही ते खरं मानत.

त्याच आठवड्यात आम्ही दोघे निघालो. शिराळ्याहून कराड, कराडहून सातारा आणि तिथून वाईची गाडी. कृष्णेच्या काठी घर. सोनाबाईंच्या दिराने ओसरीवर घोंगडं टाकलं. तात्यांनी येण्याचं कारण सांगताच त्याने हात हलवले. "आवं, नगं. वैनीला काय इच्यारू नगा. तिला न्हाई सोसायचं."

"तिला का तुमाला?" तात्यांनी विचारलं. बोलले हळूच, पण उठले नाहीत.

आतून सोनाबाई आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. उंबऱ्याशी बसून त्या शेंगा फोडू लागल्या. तात्यांनी घसा साफ केला. ज्या माणसाच्या आवाजाने मांडव गप्प होई, तो आता एकेक शब्द सांभाळून बोलू लागला. "वैनी, ज्याला ठावं असंल त्येला मी पत्तर लिवतुया. तुमाला कळावं असं वाटतंय का, न्हाई? न्हाई म्हणला तरी चालंल."

शेंगा फोडायच्या थांबल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "घरची म्हणत्यात तिला ऐकायचं न्हाई. गाव म्हणतंय तिचं डोस्कं फिरलंय. मला कुणी इच्यारलंच न्हाई. तुमी आज इच्यारताय."

दीर खाली बघू लागला.

"कुठं हाय तेवढं त्येनं सांगावं," सोनाबाई म्हणाल्या. "कसा गेला त्ये सांगू नये. ह्या दारातनं गेला तवा धडधाकट हुता, वळून हसला बी हुता. मी त्येला तसाच बघत आलीया. तेवढा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मग ओच्यातले दाणे त्यांनी तात्यांच्या हातावर ठेवले. "गूळ आणू?"

परतीच्या गाडीत तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. साताऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "मला पायजे हुतं सायेब. कसा गेला त्येच पायजे हुतं. माझ्या नंबराला गेला त्यो." मी म्हटलं, तुमच्यापुरतं वेगळं विचारा. त्यांनी मान हलवली. "पत्तर तिचं हाय."

‘सांगू नये’साठी आणखी एक रूप शिकावं लागलं, ‘इवानाइदे होशी’. सगळं पत्र तात्यांनी स्वतःच्या हाताने, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत लिहिलं. पूर्वी वाईट शब्दांत लिहिलं, त्याची माफी. दादूची बायको म्हणते, त्याला कुठे ठेवलं ते कळावं. तुम्ही सांगावंत असं वाटतं, पण... तो कसा गेला ते तिला सांगू नये असं वाटतं, पण...

पत्र टाकल्यावर तात्या रोज पोस्टमनला बघून बांधावर उभे राहत. विचारत काही नसत. भात पोटरीत आलं, कापणी झाली, ओकादासाहेबांचा दुसरा हंगाम सुरू झाला आणि एक दिवस जाड पाकीट आलं. तानिगुची जिवंत होता. गावात दुकान चालवत होता. तात्यांना वाचता यावं म्हणून त्याने सगळं सोप्या अक्षरांत लिहिलं होतं. बेटाचं नाव होतं, आणि सोबत पेन्सिलीने काढलेला नकाशा. इथे समुद्र, इथे नदी त्याला मिळते, इथे टेकाड, टेकाडाच्या पायथ्याला माडाची झाडं, आणि तिथे एक बारीक खूण. दादू कसा गेला याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पण आत आणखी एक पाकीट होतं, चिकटवलेलं. त्याच्यावर लिहिलं होतं की मी जे पाहिलं ते यात आहे, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ‘तुम्ही वाचावंत असं वाटतं, पण...’

ओकादासाहेबांनी वरचं तेवढंच वाचलं आणि पाकीट न फोडता तात्यांच्या हातात परत दिलं. या खेपेला उरलेलं वाक्य तात्यांचं होतं.

आधी आम्ही नकाशा घेऊन सोनाबाईंकडे गेलो. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. समुद्र कुठल्या अंगाला, टेकाड केवढं, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. मग नदीवर बोट ठेवलं. "पाण्याकाठालाच हाय म्हणा. बरं झालं." जाऊबाईंनी मागून हळूच विषय काढला, आता खातरी झाली, मग कुंकवाचं काय? ओसरीवरच्या चार माणसांची चार मतं झाली. तात्या त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "वैनी, तुमाला काय वाटतंय?"

"ऱ्हाऊ द्या," सोनाबाई म्हणाल्या. "ह्ये म्या कुणाला इच्यारून लावलं न्हवतं." विषय तिथेच संपला.

दुसरं पाकीट तात्यांनी फोडलं. मला वाटलं होतं, फोडणार नाहीत. "त्यो बी तीस वर्सं घिऊन बसलाय," ते म्हणाले. "त्येची हौस हाय का कुणी वाचावं. म्या न्हाई तर कुणी?" पण वाचायला त्यांनी ना ओकादासाहेबांची मदत घेतली, ना माझी. अडलेले शब्द चिठ्ठीवर उतरवून आणत, दिवसाला दोन-तीन, तेही मुद्दाम उलटसुलट करून, म्हणजे आम्हाला वाक्य जुळवता येऊ नये. ओकादासाहेब शब्दापुरता अर्थ सांगत, मी तो मराठीत लिहून देत असे. पंधरा दिवस हे चाललं. खांदा. मीठ. पहाटे. हाक मारणे. हे शब्द मला अजून आठवतात. ते जुळवायचा मोह मला झाला नाही असं नाही, पण मी ते जुळवले नाहीत.

एका संध्याकाळी तात्या आले ते चिठ्ठी न घेताच आले. डोळे सुजलेले. "झालं वाचून," म्हणाले. त्यांनी तानिगुचीला दोन ओळींचं उत्तर लिहिलं, त्यात काय होतं ते मला ठाऊक नाही. पाकिटातल्या मजकुराबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत, कारभारणीशीसुद्धा. सोनाबाईंकडे मात्र पूर्वीसारखेच दर वर्षी जात राहिले. पाणी पीत, पीकपाणी विचारत, दाणे खात. त्या माउलीसमोर बसून ते ओझं तोंडावर न दाखवणं सोपं नसणार. त्या माणसाचा मला अभिमान वाटे आणि कधीकधी त्याची कीवही येई.

ओकादासाहेब मायदेशी गेले. माझीही जतला बदली झाली. पुढे पाच-सहा वर्षांनी तिथे निरोप आला की तात्या गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटोपलं. मला गाडी मिळून पोचायला उशीर झाला, पण दहाव्याला मी शिराळ्यात मोरणा नदीच्या काठी होतो.

पिंड मांडले होते आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर पाच-सहा बसले होते, खाली एकही येईना. तात्यांची काय इच्छा राहिली असेल, याचा तर्क सुरू झाला. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार न्हाई. कावळा हलला नाही. भावकीतला एक जण म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. दुसरा म्हणाला, नातीच्या लग्नाचं आम्ही बघू. सगळे तात्यांच्या मनातलं सांगत होते आणि तात्या काही बोलू शकत नव्हते.

गर्दीच्या मागून सोनाबाई पुढे आल्या. सकाळी निघून तीन गाड्या बदलून एकट्या आल्या होत्या. केस पांढरे झालेले, कुंकू तसंच. बायका एवढ्या पुढे जात नसत, पण त्यांना कुणी अडवलं नाही. पिंडापाशी उकिडव्या बसून त्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. "भावजी, त्यो कसा गेला त्ये तुमाला कळलं हुतं, मला ठावं हाय. पयल्याच खेपंला तुमच्या तोंडावर दिसलं. दर साली येताय, दाणं खाताय, आन माझ्याकडं बघत न्हाई. म्या म्हटलं नगं, म्हणून तुमी माझ्या वाटचं बी एकलेच घिऊन बसला. माझं काय ऱ्हायलं न्हाई. तुमी आता त्ये वझं खुशाल खाली ठेवावं, असं मला वाटतं..."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. कावळा कधी उतरला ते मला सांगता येणार नाही. लोक मागे सरकले आणि कुणीतरी "शिवला, शिवला" म्हणालं तेव्हा मी सोनाबाईंकडे बघत होतो.